लहान मुलांची तपासणी: स्टेथो कानाला लावायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एमबीबीएस होऊन आठ महिने झाले, ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, ओपीडीत रोज साठ-सत्तर लेकरं. पुस्तकातली चिन्हं तोंडपाठ आहेत पण पोर आत आल्याबरोबर भोकाड पसरतं आणि मग ना काही दिसत ना ऐकू येत, हृदयातला मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) तर नाहीच, सिनियर मात्र दारातूनच बघून सांगतात, हे जमतं कसं? आणि शेवटी एक केस विचारलीय: पाच वर्षांचा मुलगा, सारखा पडतो, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरसाठी करतात त्या रक्ततपासण्या) वाढलेलं, कावीळ नाही, तीन महिने लिव्हरचं सिरप चालू आहे. त्या मुलावर शेवटी येतो.

वयानं मी तुझ्यापेक्षा बराच मोठा असणार म्हणून अरेतुरेच करतो, राग मानू नकोस. तालुक्याच्या गावात पोरं तपासत माझी सत्तावीस वर्षं गेली आणि पहिली तीन-चार वर्षं माझंही असंच व्हायचं. चूक एकच होती, पोर टेबलावर झोपवलं की तपासणी सुरू झाली असं मी समजायचो. खरं तर टेबलावर झोपवलं की निम्मी तपासणी संपलेली असते, कारण त्यानंतर ते रडणार, आणि रडणाऱ्या पोराचा श्वास, नाडी, पोट, टाळू, काहीच खरं नसतं. सिनियरला दारातून दिसतं त्यात जादू काही नाही, तो फक्त तेव्हा बघत असतो जेव्हा तू केसपेपरवर नाव लिहीत असतोस.

तर पहिलं काम, पेन खाली ठेव. आई आत येते, बसते, पिशवी ठेवते, पदर सारखा करते, यात अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात पोराकडे बघ. कडेवर ताठ बसलंय की आईच्या खांद्यावर मान टाकलीय? तुझ्याकडे, भिंतीवरच्या चित्राकडे, टेबलावरच्या टॉर्चकडे बघतंय का? नाकपुड्या फुलतायत का? ओठांचा रंग? भोकाड पसरणारं पोर मला आवडतं रे, त्याच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू नीट पोचतोय आणि अनोळखी माणूस सुई टोचू शकतो एवढी अक्कल शाबूत आहे. मला भीती वाटते ती गप्प पोराची. दीड वर्षाचं लेकरू, तू त्याच्या छातीवर थंडगार स्टेथो ठेवलास आणि त्यानं नुसतं बघितलं, हात झटकला नाही, तोंड वाकडं केलं नाही, तर ते 'शहाणं बाळ' नाही, आजारी बाळ आहे. आयएमएनसीआयमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या आजारांच्या सरकारी प्रशिक्षणात, धोक्याची चार लक्षणं शिकवतात ना, काहीच पिऊ न शकणं, प्यायलेलं सगळं उलटून टाकणं, झटके, आणि सुस्ती किंवा बेशुद्धी, त्यातली सुस्ती लोक हमखास चुकवतात, कारण आजी सांगते "रात्रभर जागलंय म्हणून झोपलंय". झोपलेलं असेल तर उठव. उठून रडलं, आईला शोधलं, तर ठीक. डोळे उघडून परत मिटले तर रांगेतल्या बाकीच्या साठ लेकरांना थांबू दे.

आता श्वास. हे एक चिन्ह जरी तू नीट शिकलास तरी वर्षाला दोन-चार जीव वाचवशील, पण ते करायला सगळ्यांनाच कंटाळा येतो, कारण पूर्ण एक मिनिट काही न करता बसावं लागतं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नकोस, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मधेच थांबतं, मधेच चार भरभर घेतं. पोर आईच्या मांडीवरच राहू दे, झबलं वर सरकव, छातीकडे नाही तर पोटाकडे बघ आणि घड्याळ डोळ्यांच्या रेषेत धर. रडत असेल तर आईला पाजू दे, तोवर पुढचा पेशंट बघ, शांत झालं की मोज. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे वेगवान श्वास. तान्ह्या बाळाचं ६० च्या वर आलं तर परत एकदा मोज. आणि छाती आत ओढली जाणं म्हणजे श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत जायला हवा, नुसती दोन बरगड्यांमधली कातडी हलली तर ते धरायचं नाही, आणि ते प्रत्येक श्वासाला, शांत असताना दिसलं पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या आरोग्यदूतांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, त्यातल्या कित्येकांना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणं अवघड होतं, तर त्यांनी मण्यांचं साधं मोजयंत्र करून दिलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९० साली त्यांचा तो न्यूमोनियाचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सांगायचा मुद्दा हा की स्टेथो नसलेली माणसं न्यूमोनिया ओळखत होती आणि आपण छातीत क्रेप्स (बारीक चरचर) ऐकू येत नाहीत म्हणून 'यूआरटीआय', म्हणजे साधी सर्दी, लिहून मोकळे होतो. लहान पोराच्या न्यूमोनियात छाती स्वच्छ असू शकते, श्वासाची गती खोटं बोलत नाही.

आयांचे शब्द पण शिकून घे. "पोट उडतंय" म्हणाली की ती छाती आत ओढली जाण्याबद्दलच बोलतेय. "डबा झालाय", "भाता चाललाय", "धाप लागलीय", "घरघर करतंय", प्रत्येक भागात वेगळा शब्द. यातला घरघर हा शब्द फसवा, नाक चोंदलेल्या तान्ह्याची आईही तेच म्हणते, तिथं नाकात सलाईनचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी परत बघ. मेळघाटात पोट उडतं म्हणून पोटावर डागतात, डंबा म्हणतात त्याला. चटक्यांचे वण दिसले की आईवर ओरडू नकोस, ओरडलास तर पुढच्या वेळी ती तुझ्याकडे येणारच नाही. मी तर त्या वणांकडे केसपेपर म्हणून बघतो, ताजे असतील तर आजार चार दिवसांपूर्वी सुरू झालाय, जुने असतील तर हे पोर आधीही एकदा धापलं होतं आणि मग हृदयाला छिद्र आहे का ते शोधायचं.

यावरून कपड्यांचं. कपडे काढायला लाव, सगळे, एकदम नाही तर टप्प्याटप्प्यानं, वरचे काढून बघितलं की घाल आणि मग खालचे. थंडीत तर आपल्याकडे तान्ह्याला टोपरं, स्वेटर, दोन झबली, दुपटं, वरून शाल, आणि डॉक्टर झबल्याच्या गळ्यातून स्टेथो आत सरकवून तपासणी आटोपतो! काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी सहा वर्षांची मुलगी आली, आठ दिवस ताप, दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन अँटिबायोटिक झाले, विडाल करून टायफॉईडचा शिक्का बसलेला, प्लेटलेट कमी म्हणून वर डेंगीचा पण. डोळ्यांभोवती थोडी सूज, लिव्हर-स्प्लीन हाताला लागत होते. परकर सैल करायला सांगितला तर आई लाजली, आजीनं तो खाली सरकवला आणि नाडीच्या रेघेवरच, डाव्या बाजूला, काळी खपली, भोवती लाल कडं, सिगारेटचा चटका बसावा तशी, डाळीएवढी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पोरीनं सांगितलंच नव्हतं. स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन दिलं, दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. २०१८ मध्ये नागपूर भागात याची साथ आली तेव्हापासून निदान विदर्भात तरी हे नाव डोक्यात असतं, पण खपली शोधायची जागा अजून चुकते. हा आजार पसरवणारा पिसवासारखा बारीक किडा कपडा घट्ट बसतो तिथं, घडीत, ओलसर जागी चावतो: काख, जांघ, कानामागे, करदोट्याखाली, मुलग्याच्या अंडकोषावर, मुलीच्या नाडीखाली. हातपाय बघून 'एस्कार (ही काळी खपली) नाही' लिहू नकोस.

करदोट्यावरून आठवलं, तो पण एक मोजपट्टीच आहे. गेल्या महिन्यात सैल असलेला करदोटा आता पोटात रुततोय म्हणजे बाळसं धरलंय किंवा पोट वाढलंय, दंड बघितला की कुठलं ते कळतं. दंड काटकुळा आणि करदोटा रुतलेला असेल तर पोटावर हात ठेवायच्या आधीच तुझ्या मनात प्लीहा, यकृत, पाणी, गाठ यायला हवी.

दंडघेर पट्टी खिशात ठेव, सहा महिने ते पाच वर्षं, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा मध्यम. पण पट्टीनं न सापडणारं पोर जास्त धोक्याचं असतं, सुजलेलं पोर. गुबगुबीत दिसतं, अंगणवाडीत वजन बरोबर भरतं कारण ते पाण्याचं वजन आहे. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं दाबून धर, सावकाश, आणि उचलल्यावर खड्डा राहतो का बघ, दोन्ही पायांवर राहिला तर दंड चौदा असला तरी ते तीव्र कुपोषितच. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, हा आजार नोंदवला आणि क्वाशिऑरकर हे तिथल्या लोकांचंच नाव ठेवलं, पाठोपाठ दुसरं मूल आलं की अंगावरचं दूध तुटलेल्या पहिल्या मुलाला होणारा आजार अशा अर्थाचं. आपल्याकडेही विचारून बघ, सुजलेल्या पोराच्या आईच्या मांडीवर बहुतेकदा दुसरं तान्हं असतंच.

एक धोक्याची सूचना इथं. जुलाबात पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतो ना आपण, दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर पाणी खूप कमी झालंय, ती चाचणी वाळलेल्या पोरात फसवते, चरबीच नाही तर कातडी सावकाशच जाणार, आणि गुटगुटीत पोरात उलटं फसवते. मग बघायचं काय? पाणी पाजून बघ. चमचा नेला की हपापून धरतंय, की तोंडच उघडत नाही, त्या एका चमच्यात बरंच कळतं.

आता ज्या चिन्हांसाठी आई हवी. तू फार तर पाच मिनिटं बघणार, ती चोवीस तास बघते. माझ्या हातून सुटलेलं एक बाळ सांगतो, अजून खुपतं. दीड महिन्याचं, मस्त पीत होतं, वजन वाढलेलं, डोळे जरा पिवळे. मी म्हणालो अंगावरच्या दुधाची कावीळ असते, कोवळं ऊन द्या. आई जाता जाता म्हणाली, "डॉक्टर, शी जरा पांढरट होते", आणि मी, ओपीडी भरलेली, म्हणालो होतं असं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मुंबईला पोचलं, पित्तनलिकाच बनलेली नव्हती. त्यासाठीचं कासाई ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहतं व्हायची शक्यता बरीच चांगली असते, तीन महिन्यांनंतर ती घसरत जाते. त्या दिवसापासून चौदा दिवसांच्या पुढे पिवळं दिसणाऱ्या प्रत्येक बाळाची शी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आईला दुपटं घेऊनच ये म्हणतो. चुन्यासारखी, भिजवलेल्या कणकेसारखी, राखेसारखी, यातलं काही असेल तर ते चांगलं नाही. आणि लंगोटावर शूचा पिवळा डाग पडतो का ते विचार, तान्ह्याची शू पाण्यासारखी असते, डाग पडायला नको. टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिन, दोन्ही लिहायचं, नुसतं टोटल नाही. तैवाननं २००४ पासून देशभर प्रत्येक बाळंतिणीला शीच्या रंगांचं कार्ड द्यायला सुरुवात केली, आईनं घरीच रंग जुळवून बघायचा, इतकी साधी गोष्ट आहे ही.

दुसरं, "दचकतंय". सहा महिन्यांचं बाळ, झोपेतून उठलं की दचकतं, पोटात कळ येत असेल, ग्राइप वॉटर चालू आहे. विचार: एकदा दचकतं की ओळीनं? ओळीनं असेल, मान पुढे, हात बाहेर फेकून परत जवळ, पाच-सात सेकंदांनी परत तसंच, असं दहा-वीस वेळा, आणि मग रडतं, तर ते दचकणं नाही, वेस्ट सिंड्रोमचे, म्हणजे तान्ह्यांच्या एका अपस्माराचे, झटके आहेत. एक आजी मला कौतुकानं म्हणाली होती, "नातू उठल्या उठल्या देवाला नमस्कार घालतो बघा." वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १८४१ मध्ये लॅन्सेटला पत्र लिहून हे कळवलं, आणि बाळ त्याचं स्वतःचंच होतं, त्यानंही सलामच म्हटलंय. आईला सांग मोबाईलवर व्हिडिओ काढून आण, कारण तुझ्यासमोर ते कधीच होणार नाही. आणि विचार, आधी हसायचं, आता हसणं कमी झालंय का? झालं असेल तर ईईजीसाठी महिना थांबू नकोस, त्याच आठवड्यात पाठव. जाता जाता अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे चट्टे आहेत का बघून ठेव, ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराचा धागा तिथं सापडतो.

तिसरं बाळ पुस्तकात शेवटच्या पानावर असतं पण आपल्या ओपीडीत महिन्याला एखादं असतंच. दहा-अकरा महिन्यांचं, गोबरं, वजन चांगलं, त्यामुळे कुणी कुपोषण म्हणत नाही. पण फिक्कट, केस विरळ आणि तांबूस, नजर कुठेतरी हरवलेली, आधी बसायचं ते आता मान पण नीट धरत नाही. हाताची मूठ वळव आणि बोटांच्या सांध्यांवर बघ, काळपट. चेहरा गोरा आणि बोटांचे सांधे काळे. अजून फक्त अंगावरच पितंय, आई शुद्ध शाकाहारी, कधीकधी माळकरी घर, आणि दूध-दही तिच्या वाट्याला येतच नाही कारण ते डेअरीला जातं. बी-१२ ची कमतरता, आईतही आणि बाळातही. इंजेक्शन लहान डोसनं सुरू केलं की चार-आठ दिवसांत बाळ आईकडे बघून हसतं, आणि सत्तावीस वर्षांनंतरही मी त्यासाठी फॉलोअपला मुद्दाम बोलावतो. फक्त आईला आधी सांगून ठेव की उपचार सुरू झाल्यावर हातापायाची थरथर दिसू शकते, नाहीतर ती घाबरून भोंदूबाबाकडे जाईल.

तापाचं थोडं. चार-पाच दिवस ताप आणि अंगावर पुरळ म्हटलं की आधी गोवर आठवतो, आठवायलाच हवा, २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराच्या साथीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पुरळ कानामागून आणि केसांच्या कडेनं सुरू होतं, सोबत खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. तोंडात खालच्या दाढांसमोर गालाच्या आतल्या बाजूला मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात, कोप्लिक यांनी १८९६ मध्ये सांगितलेले, ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ आलं की एक-दोन दिवसांत जातात, म्हणून तुला दिसले नाहीत तर गोवर नाही असं समजू नकोस. व्हिटॅमिन ए दोन दिवस, वयाप्रमाणे, विसरू नकोस.

पण पाच दिवस ताप, डोळे लाल पण चिपाड नाही, ओठ फुटून रक्ताळलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, आणि पोर इतकं चिडचिडं की आईलाही हात लावू देत नाही, तर डाव्या दंडाची बाही वर कर. बीसीजीचा जुना व्रण लाल होऊन फुगलाय का? आपल्याकडे बहुतेक पोरांना जन्मल्याबरोबर बीसीजी मिळतं, त्यामुळे हे चिन्ह आपल्याला फुकटात मिळालंय, आणि पाश्चात्त्य पुस्तकात ते कोपऱ्यात असतं. हा कावासाकी, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. टोमिसाकू कावासाकींनी पहिला पेशंट १९६१ मध्ये बघितला आणि १९६७ मध्ये पन्नास मुलांचं वर्णन छापलं, तोवर वरिष्ठ मानायला तयार नव्हते. बोटांच्या टोकांची साल निघण्याची वाट बघू नकोस, ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघते आणि इम्युनोग्लोब्युलिन दहा दिवसांच्या आत जायला हवं, नाहीतर चार-पाच मुलांपैकी एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. बीसीजीचा व्रण लाल नसला म्हणून कावासाकी नाही असं मात्र नाही.

हृदयाबद्दल तू मर्मर ऐकू येत नाही म्हणून रडला आहेस. अरे, मोठं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, असलेल्या बाळाला जन्मल्यावर पहिले काही दिवस मर्मर नसतोच, फुफ्फुसातला दाब उतरला की दोन-सहा आठवड्यांनी येतो. तू दूध पिताना बघ. दोन घोट, थांबलं, धापलं, परत दोन घोट, पंधरा मिनिटांत दमून झोपलं आणि अर्ध्या तासात परत भुकेनं उठलं, कपाळावर घामाचे थेंब. आई म्हणेल "पितानाच घाम येतो, बाकी अंग कोरडं". हे एक वाक्य मला मर्मरपेक्षा जास्त आवडतं. आणि प्रत्येक नवजाताच्या जांघेत बोट ठेवून नाडी बघ, दहा सेकंदांचं काम आहे, नाही लागली तर महाधमनी अरुंद आहे का बघावं लागेल.

मुडदूस आता पूर्वीइतका नाही पण फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या, ऊन न लागणाऱ्या पोरात परत दिसायला लागलाय. पायांच्या कमानी नंतर, आधी मनगट चाचप, बांगडीखाली दुसरी बांगडी असल्यासारखं रुंद लागतं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे असशील तर वर्षभराच्या पोराचे दोन्ही तळहात-तळपाय सुजून दुखतायत म्हटल्यावर सिकलसेल पहिला, 'लागलं असेल' नंतर.

फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी येते असं कुणी सांगितलं तर त्या दिवशीच नेत्रतज्ज्ञाकडे, रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कॅन्सर, वगळल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. मावशीच्या लग्नातल्या फोटोवरून सापडलेलं एक पोर माझ्याकडे आहे, आता कॉलेजला जातं, एका डोळ्यानं.

तपासायचा क्रम विचारलास तर पुस्तकात डोक्यापासून पायापर्यंत आहे, तो परीक्षेसाठी. ओपीडीत जे न रडवता होतं ते आधी: बघणं, श्वास मोजणं, मांडीवरच हृदय ऐकणं, बाळ बसलेलं असताना टाळू बघणं, कारण आडवं असताना किंवा रडताना ती फुगतेच. मग पोट, तुझे हात चोळून गरम करून. प्लीहा शोधताना उजव्या जांघेकडून वर ये, मोठी प्लीहा असेल तर तू बरगडीखाली चाचपत राहशील आणि हात प्लीहेवरच असेल, कड कधी लागणारच नाही. पोट घट्ट करतंय तर त्याचाच हात पोटावर ठेव आणि तुझा त्यावर, स्वतःच्या हातानं गुदगुल्या होत नाहीत. कान आणि घसा सगळ्यात शेवटी, आणि ते झालं की पोर तुझं राहत नाही.

आता तुझा पाच वर्षांचा मुलगा. त्याला टेबलावर चढवलंस ना? तिथंच चुकलं. उद्या बोलावलास की जमिनीवर सतरंजी टाक, त्यावर मांडी घालून बसव, समोर एक बिस्किट धर आणि म्हण उठून घे. हात धरू नकोस, भिंतीजवळ बसवू नकोस, आईला सांग मदत करायची नाही. नीट मूल एका झटक्यात उठतं. हा आधी पालथा होईल, हातापायांवर घोडा करेल, ढुंगण वर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहील. गॉवर्स या इंग्लिश डॉक्टरांनी १८७९ मध्ये लिहून ठेवलेलं हेच ते. मग पोटऱ्या दाब, भरीव रबरासारख्या लागतील, घरचे म्हणत असतील पहिलवान होणार. चालायला उशिरा लागला का, जिना चढताना मांडीवर हात टेकतो का, ते विचार.

एसजीओटी-एसजीपीटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूतही असतं, आपण ते नेहमी विसरतो. डुशेन, म्हणजे मुलग्यांना होणारा स्नायू झिजण्याचा आनुवंशिक आजार, असेल तर स्नायू फुटतायत आणि रिपोर्टवर लिव्हर दिसतंय. जीजीटी ही लिव्हरची तपासणी करून बघ, नॉर्मल येईल, आणि सीपीके, स्नायूंची तपासणी, पाठव, तो हजारात येईल. आला तर जेनेटिक तपासणी आणि मोठ्या ठिकाणी न्यूरोकडे, बायोप्सीची घाई नको, लिव्हरची तर अजिबात नको. सिरप बंद कर. आईला हे एकटीला, उभ्या उभ्या सांगू नकोस, वडिलांना पण बोलाव, दाराला कडी लाव आणि अर्धा तास ठेव, कारण हा आजार बऱ्याचदा आईच्या बाजूनं येतो हे कळलं की घरी त्याचं काय होतं ते मी बघितलंय. आणि त्याला धाकटा भाऊ आहे का, मावशीला मुलगे आहेत का, आई आत्ता पोटुशी आहे का, हे तिघंही त्याच दिवशी विचारून केसपेपरवर लिहून ठेव.